कॉलेज फुटबॉलचे कोच तयार खेळाडू सोडून हायस्कूलच्या पोरांमागे का धावतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत ज्युनिअर कॉलेजमध्ये दोन वर्षं खेळून अंगापिंडाने भरलेली पोरं आयती मिळत असताना मोठ्या विद्यापीठांचे फुटबॉल कोच सतरा वर्षांच्या हायस्कूलच्या पोरांच्या घरी खेटे का घालतात? तयार माल सोडून कच्चा माल कशाला?

या विषयात मी मागच्या दाराने शिरलो. मूळचा अकोल्याचा. शेतीशास्त्र शिकायला कॅन्ससमधल्या एका विद्यापीठात गेलो आणि हातखर्चासाठी तिथल्या खेळाडूंच्या अभ्यासकेंद्रात तासावर गणित शिकवू लागलो. तिथल्या फुटबॉलमधलं (आपला पायाने खेळायचा नव्हे, हातात चेंडू घेऊन धावायचा अमेरिकन) ओ की ठो कळत नव्हतं. पहिला पूर्ण सामना पाहिला तेव्हा दर सहा सेकंदांनी खेळ का थांबतो, असं शेजारच्याला विचारून भंडावलं होतं. पण पोरांची मार्कशीटं मात्र माझ्यासमोर येत होती, आणि माझं उत्तर त्या बाजूने आहे. कोच भरतीला बसतो तेव्हा ताकद, वेग, उंची हे सगळं बघतोच, पण शेवटी हिशेब एकाच गोष्टीचा करतो: या पोराची किती वर्षं माझ्या वाट्याला येणार?

आधी एक घोळ मिटवतो. आपलं ज्युनिअर कॉलेज म्हणजे अकरावी-बारावी. तिथलं ज्युनिअर कॉलेज बारावीनंतरचं, दोन वर्षांचं. इलिनॉयमध्ये जॉलिएटला १९०१ साली त्यातलं पहिलं सरकारी कॉलेज निघालं. हल्ली बहुतेक ठिकाणी कम्युनिटी कॉलेज म्हणतात, फुटबॉलवाले 'जुको' म्हणतात. तिथून पोरगा दोन वर्षांची पदविका घेऊन चार वर्षांच्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला दाखल होऊ शकतो. आपल्याकडे डिप्लोमावाले थेट सेकंड इयर इंजिनिअरिंगला जातात, साधारण तसं.

आता मुदतीचं. विद्यापीठ पातळीवर खेळाडूला पाच वर्षांत चार हंगाम खेळता येतात, आणि जुकोतली वर्षंही त्यातच मोजली जायची. म्हणजे हायस्कूलचा पोरगा घेतला की पहिलं वर्ष त्याला बाजूला बसवून नुसतं खाऊ घालायचं, वजनं उचलायला लावायची (याला रेडशर्ट म्हणतात) आणि पुढची चार वर्षं वापरायचा. जुकोचा घेतला तर हातात दोनच हंगाम, फार तर तीन वर्षांत मिळून दोन. तो आला की ऑगस्टमध्ये मैदानावर उभा राहायला हवा. त्याला रुळायला एक वर्ष गेलं तर निम्मा माल वाया.

एका पोराच्या बाबतीत हे फार वाटत नाही, अख्ख्या संघाचं गणित मांडलं की कळतं. बरीच वर्षं नियम असा होता की संघात एका वेळी ८५ जणांना शिष्यवृत्ती आणि एका वर्षात नवे फक्त २५. सगळे हायस्कूलचे घेतले तर चार वर्षांत २५ चोक शंभर. काही सोडून जातात, काही जायबंदी होतात, तरी ८५ चा आकडा गाठता येतो. आता दरवर्षी १० हायस्कूलचे आणि १५ जुकोचे घ्या. दहा चोक चाळीस, पंधरा दुणे तीस. झाले ७०, तेही एकही गळाला नाही असं धरून. कोचने एकही चुकीचा खेळाडू न निवडता १५ जागा रिकाम्या! आणि त्या भरायला पुढच्या वर्षी पुन्हा २५ च मिळणार. कर्ज काढून हप्ता भरायचा, तशातली गत.

हे प्रत्यक्षात काय दिसतं ते बघायला कॅन्ससइतकं चांगलं राज्य नाही. इथे सव्वा-दीड तासाच्या अंतरावर दोन विद्यापीठं आहेत. मॅनहॅटन गावात कॅन्सस स्टेट (हे मॅनहॅटन न्यूयॉर्कचं नव्हे, गवताळ टेकड्यांमधलं), आणि लॉरेन्समध्ये युनिव्हर्सिटी ऑफ कॅन्सस.

१९८९ च्या हंगामाला बिल स्नायडर कॅन्सस स्टेटला कोच म्हणून उभे राहिले तेव्हा तो संघ म्हणजे देशभरचा चेष्टेचा विषय होता. ५०० सामने हरणारं पहिलं मोठं विद्यापीठ हाच त्याचा लौकिक, आणि आधीच्या २७ सामन्यांत एकही विजय नाही. अशा ठिकाणी हायस्कूलचा नावाजलेला पोरगा कशाला येईल? शिवाय राज्यात माणसं कमी, त्यामुळे चांगले खेळाडूही मोजकेच. पण कॅन्ससमध्ये एक गोष्ट मुबलक होती, जुको. हचिन्सन, एल डोराडोचं बटलर, कॉफीव्हिल, गार्डन सिटी, डॉज सिटी: नऊ-दहा हजारांपासून चाळीस हजारांपर्यंत वस्तीची गावं आणि त्यांची कडवी फुटबॉल कॉलेजं. स्नायडर यांनी तिथून आणि बाहेरूनही माणसं उचलली. त्यातला सगळ्यात गाजलेला मायकल बिशप, टेक्सासच्या ब्लिन कॉलेजचा क्वार्टरबॅक, म्हणजे संघाची चढाई चालवणारा, चेंडू फेकणारा खेळाडू. ब्लिनला त्याने लागोपाठ दोन वर्षं जुकोचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं होतं. १९९८ मध्ये त्याच्या जोरावर कॅन्सस स्टेटने नियमित हंगामातले अकराच्या अकरा सामने जिंकले आणि हाइसमन या सर्वोच्च वैयक्तिक पुरस्काराच्या मतदानात तो दुसरा आला. (विभागाची अंतिम लढत मात्र टेक्सास ए अँड एमकडून ३६-३३ अशी हरले. मॅनहॅटनमध्ये अजून हा विषय काढायचा नसतो.)

आता लॉरेन्स. तिथे २०१२ साली चार्ली वाइस आले. न्यू इंग्लंड पेट्रियट्स या व्यावसायिक संघाबरोबर तीन सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलची विजेतेपदं, जिंकलेला माणूस. पहिल्या वर्षी एक विजय, अकरा पराभव. त्यांना घाई झाली आणि २०१३ च्या भरतीत त्यांनी जुकोच्या खेळाडूंची रांग लावली. त्या वर्षी तीन विजय मिळाले. २०१४ चा हंगाम अर्ध्यावरही आला नव्हता तेव्हा त्यांना काढलं. खरी किंमत मोजली पुढच्या कोचने: जुकोवाले मुदत संपून निघून गेलेले, त्यांच्या मागे वाढवलेली पोरं नाहीत, शिष्यवृत्तीचे खेळाडू ८५ च्या कितीतरी खाली. २०१५ मध्ये संघ बाराच्या बारा सामने हरला. वर मांडलेला ७० चा हिशेब तुम्हाला पुस्तकी वाटला असेल, तर तो इथे मैदानावर चालून दाखवला गेला.

मग स्नायडर यांचं का जमलं? माझ्या मते त्यांनी जुकोला पाया कधी केलं नाही. पाया होता तो हायस्कूलच्या दुर्लक्षित पोरांचा आणि शिष्यवृत्तीशिवाय, स्वतःच्या पैशाने येऊन खेळणाऱ्या गावच्या पोरांचा. त्यांना वॉक-ऑन म्हणतात. नंतर ग्रीन बे पॅकर्स या व्यावसायिक संघाकडून नाव काढलेला जॉर्डी नेल्सन हा मॅनहॅटनजवळच्या रायली गावचा शेतकऱ्याचा मुलगा, असाच वॉक-ऑन. वॉक-ऑन त्या ८५ मध्ये धरले जात नसत, म्हणजे रिकाम्या जागा फुकटात भरल्या. जुकोचा माणूस आणायचा तो नेमक्या भोकावर ठिगळ म्हणून. मी विदर्भाचा, त्यामुळे मला आमची रणजी आठवते. २०१७-१८ ला विदर्भ पहिल्यांदा जिंकला तेव्हा वासिम जाफर बाहेरून आणलेला होता आणि त्याच्या अनुभवाचं मोल कुणी नाकारणार नाही. पण अंतिम सामन्यात हॅटट्रिक घेणारा गुरबानी घरचा होता.

आता 'तयार माल' या शब्दाकडे येतो, कारण तिथे खरी मेख आहे. पोरगा जुकोत गेला कशामुळे, हे कोचला आधी शोधावं लागतं. काहींकडे कुणाचं लक्षच गेलेलं नसतं. पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्ये मोठा क्वार्टरबॅक झालेल्या आरन रॉजर्सला हायस्कूलनंतर एकाही मोठ्या विद्यापीठाने शिष्यवृत्ती देऊ केली नव्हती. तो घराजवळच्या ब्यूट कॉलेजात गेला, आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचे कोच तिथे दुसऱ्याच एका खेळाडूला बघायला आले असताना त्यांच्या नजरेत भरला. असा मिळाला तर लॉटरीच. काही जण मोठ्या विद्यापीठातून बाहेर पडून परतीच्या वाटेवर असतात. कॅम न्यूटन हा क्वार्टरबॅक फ्लोरिडा विद्यापीठ सोडून २००९ ला ब्लिनमध्ये खेळला, पुढच्याच वर्षी ऑबर्नला गेला आणि हाइसमन आणि राष्ट्रीय विजेतेपद दोन्ही घेऊन बसला. पण माझ्या टेबलावर आले ते बहुतेक तिसऱ्या प्रकारचे: हायस्कूलचे मार्क विद्यापीठाच्या अटीत बसले नाहीत म्हणून गेलेले.

त्यातल्याच एकाबद्दल सांगतो. बचाव फळीतला, दक्षिणेकडच्या एका राज्यातला. जूनमध्ये आला, विद्यापीठ ओस पडलेलं होतं. बोटांना पांढरी टेप गुंडाळलेली, आणि त्या बोटांत पेन्सिल काडेपेटीतल्या काडीएवढी दिसायची. त्याच्या मार्कशीटवर ६६ क्रेडिट (पास केलेल्या विषयांचे, पदवीकडे मोजले जाणारे गुण) होती. मी म्हटलं, वा! तो म्हणाला, "सर, त्यातली ४५ च चालतात." उरलेली होती वजन उचलण्याच्या तासाची, 'अभ्यास कसा करावा' या विषयाची, आणि एका बीजगणिताची, जे आमच्याकडे पदवीत धरतच नव्हते. तिसऱ्या वर्षाला खेळायचं तर पदवीचा ४० टक्के भाग पूर्ण हवा, हा एनसीएएचा, म्हणजे कॉलेज खेळांचे नियम ठरवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचा नियम. १२० चे ४० टक्के म्हणजे ४८. त्याला तीन क्रेडिट कमी. ते तीन म्हणजे उन्हाळ्यातला कॉलेज अल्जिब्रा, आणि तो अल्जिब्रा म्हणजे मी. सकाळी सहाला सराव, दुपारी माझ्यासमोर वर्गसमीकरणं. पास झाला, बी मिळाला. तो बी नसता, तर त्याला आणणाऱ्या कोचने दोन हंगामांतला एक ऑगस्ट उजाडायच्या आत गमावला असता. संघाच्या एपीआर नावाच्या शैक्षणिक गुणांकालाही फटका बसला असता, आणि तो गुणांक ९३० च्या खाली गेला तर संघाला हंगामानंतरचे सामनेच खेळता येत नाहीत.

म्हणून जुकोच्या पोरावर शिक्कामोर्तब करण्याआधी शहाणा कोच सामन्याच्या चित्रफितीइतकंच मार्कशीट बघतो. स्टॅनफर्ड, नोत्र दामसारखी विद्यापीठं या वाटेला फार क्वचित जातात, त्याचंही मुख्य कारण क्रेडिट आणि प्रवेशाच्या अटी हेच.

हे सगळं सांगितल्यावर कबूल करायला हवं की गेल्या काही वर्षांत पटच बदललाय. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची यादी, आलं, २०२१ पासून खेळाडू एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाऊन लगेच खेळू लागले, आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून स्वतःच्या नावावर पैसेही कमवू लागले. आता भोकाला ठिगळ हवं असेल तर कोच जुकोकडे न जाता दुसऱ्या विद्यापीठात तीन वर्षं खेळलेला माणूस आणतो. त्याची क्रेडिट चालतात आणि मोठ्या मैदानावर तो आधीच तावून-सुलाखून निघालेला असतो. यात जुकोची पोरं मागे पडली, आणि खरं सांगायचं तर हायस्कूलचीही.

मग डिएगो पाविया आला. न्यू मेक्सिको मिलिटरी इन्स्टिट्यूट या जुकोतून निघून व्हँडरबिल्टला पोचलेला क्वार्टरबॅक. ५ ऑक्टोबर २०२४ ला त्याने अव्वल क्रमांकाच्या अलाबामाला ४०-३५ ने हरवलं आणि पुढच्या महिन्यात एनसीएएवर खटला भरला: जुकोतली वर्षं विद्यापीठाच्या मुदतीत का मोजता? डिसेंबरमध्ये कोर्टाने त्याला खेळण्याची तात्पुरती मुभा दिली, आणि एनसीएएने त्याच्यासारख्या इतरांनाही २०२५-२६ साठी एक वर्ष वाढवून दिलं. तो परत खेळला आणि हाइसमनच्या मतदानात दुसरा आला. बिशपसारखाच, २७ वर्षांनी. जुकोची वर्षं मोजायचीच नाहीत असं कायमचं ठरलं, तर वरचा माझा सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागेल आणि वीस वर्षांचा तयार पोरगा अचानक महागेल.

तो बचाव फळीतला पोरगा? दोन हंगाम खेळला, दुसऱ्यात बऱ्यापैकी. नोव्हेंबरात त्याची खेळायची मुदत संपली आणि पदवीला सांख्यिकी राहिली होती. बरेच जण त्या टप्प्यावर सामान बांधतात. हा जानेवारीत पुन्हा माझ्या टेबलाशी आला. आम्हा शिकवणाऱ्यांना खेळाडूंना काहीही द्यायची मनाई असायची. गाडीतून सोडायचं नाही, खायला घालायचं नाही, साधा चहा पाजायचीही चोरी. सांख्यिकीचा निकाल लागला त्या दिवशी मी ऑफिसात जाऊन विचारून घेतलं, आता चालेल का? चालेल म्हणाले. घरी बोलावून आल्याचा चहा केला. त्याने एक घोट घेतला, साखरेचा डबा मागितला आणि त्यात आणखी चार चमचे टाकले.