नव्वद दिवसांची उधारी

प्रश्न : भोसरीत माझं छोटं वर्कशॉप आहे, उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे. मोठी कंपनी पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) '90 दिवस क्रेडिट' छापते. हे चालतं का?

उत्तर : नाही. 2006 च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्यानुसार लेखी करार असला तरी मुदत 45 दिवसांपुढे जात नाही; करार नसेल तर 15 दिवस. मोजणी बिलाच्या तारखेपासून नव्हे, माल स्वीकारल्यापासून. म्हणून डिलिव्हरी चलनावर गेटचा शिक्का आणि तारीख घ्याच. वाद तिथेच अडतो.

खरा चिमटा आयकरात आहे. समजा, माल 10 जानेवारीला स्वीकारला. मुदत 24 फेब्रुवारीला संपली, पैसे मात्र 10 एप्रिलला आले. मग 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 43बी(एच) प्रमाणे तो खर्च कंपनीला त्या वर्षी दाखवता येत नाही, पुढच्या वर्षी मिळतो. 31 मार्चपूर्वी दिले असते तर वजावट वाचली असती. मार्चमध्ये अकाउंट्सवाले अचानक गोड बोलतात, ते यामुळेच!

ही आयकराची तरतूद सूक्ष्म आणि लघु उद्योगांपुरती. मध्यम उद्योग आणि निव्वळ व्यापारी तिच्यात बसत नाहीत. बिलावर उद्यम क्रमांक छापा. तरीही पैसे अडले, तर लहान उद्योगांच्या थकीत पैशांसाठीच्या सरकारी पोर्टलवर अर्ज करा. व्याज रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ.