छागला: वर्गातून न्यायासनावर, न्यायासनावरून मंत्रिमंडळात

तुम्ही विचारलंय की कायदा शिकवणारा माणूस राजकारणात पडला, तर पुढे न्यायाधीश झाल्यावर तो निःपक्षपाती राहतो का, आणि मुंबईत असं कुणी होऊन गेलं का. उदाहरण तुमच्या चर्चगेटच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजातलंच आहे: महंमद करीम छागला, मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती आणि पुढे केंद्रात मंत्री. फोर्टात बरीच वर्षं वकिली केल्यावर या विषयावर माझं ठाम मत झालंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

छागला मूळचे मुंबईचेच. जन्म ३० सप्टेंबर १९००, शिक्षण सेंट झेवियर्समध्ये. नंतर ऑक्सफर्डला इतिहास शिकले, १९२२ साली बॅरिस्टर होऊन परतले आणि थेट जिनांच्या चेंबरमध्ये दाखल झाले. मुस्लिम लीगचं कामही सुरू केलं. १९२७ मध्ये तुमच्या कॉलेजात प्राध्यापक झाले; वर्षभरात डॉ. आंबेडकरही तिथेच शिकवायला आले. त्या काळातल्या विद्यार्थ्यांचा मला आजही हेवा वाटतो.

१९२८ साली नेहरू अहवालावरून, म्हणजे मोतीलाल नेहरूंच्या समितीने मांडलेल्या भारताच्या घटनेच्या आराखड्यावरून, छागलांनी जिनांची आणि लीगची साथ सोडली. ज्याच्या हाताखाली वकिली शिकलो, ज्याच्यामुळे वकिलीत उभं राहता आलं, त्याच्याशी जाहीर फारकत घ्यायची, तीही वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. माझ्या लेखी त्यांच्यातला न्यायाधीश तिथेच दिसतो. हायकोर्टात नेमणूक झाली १९४१ मध्ये, म्हणजे लीग सोडल्यावर तेरा वर्षांनी.

आता तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग. न्यायाधीश होण्याआधी राजकारण केलेलं असणं मला धोक्याचं वाटत नाही. आपल्याच हायकोर्टाचा इतिहास बघा. बद्रुद्दीन तय्यबजी १८८७ साली काँग्रेसचे अध्यक्ष होते. १८९७ मध्ये टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला, आधीचे जामीन अर्ज फेटाळले गेले, तेव्हा जामीन दिला तो न्यायमूर्ती तय्यबजींनी. त्या अर्जावर टिळकांची बाजू मांडणारे बॅरिस्टर होते दिनशा दावर. अकरा वर्षांनी तेच दावर न्यायमूर्ती होते आणि त्यांनी टिळकांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा दिली. एक जण काँग्रेसचा माजी अध्यक्ष, दुसरा एकेकाळचा टिळकांचाच वकील. या माहितीवरून दोघांच्या निकालांचं भाकीत कुणाला करता आलं असतं? टिळकांचे त्या वेळचे उद्गार कोरलेली शिळा हायकोर्टात आहे. तिचं अनावरण १९५६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती छागलांच्या हस्ते झालं. हायकोर्टात जाल तेव्हा जरूर बघा.

स्वतः छागलांचं बघायचं तर १९५१ चा नरसू अप्पा माळी खटला घ्या. हिंदू पुरुषाला दुसरं लग्न करायला बंदी घालणारा मुंबई प्रांताचा १९४६ चा कायदा होता. मुसलमानांना मुभा आणि आम्हाला शिक्षा, हा भेदभाव नाही का, असा आक्षेप होता. छागला आणि गजेंद्रगडकर या दोघांच्या खंडपीठाने कायदा वैध ठरवला. सरकार सुधारणा टप्प्याटप्प्याने करू शकतं, असं म्हटलं. पण व्यक्तिगत कायदे (लग्न, वारसा यांचे धर्माधारित नियम) मूलभूत हक्कांच्या कसोटीवर घासून बघायला नकार दिला. हा दुसरा भाग मला कधीच पटला नाही. २०१८ च्या शबरीमला निकालात न्या. धनंजय चंद्रचूड यांनीही त्यावर टीका केली. पण बघा, छागला पुढे उघडपणे समान नागरी कायद्याचा आग्रह धरत राहिले. न्यायासनावर मात्र त्यांनी स्वतःचं मत पुढे रेटलं नाही, राज्यघटनेचा आपल्याला जो अर्थ लागला तोच लिहिला.

१९५८ च्या मुंदडा चौकशीतही तेच. सरकारी आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडांच्या कंपन्यांत सव्वा कोटीच्या आसपास रक्कम गुंतवली होती. चौकशी सोपवली ती छागलांवर. त्यांनी मुंबईत लोकांसमोर खुली सुनावणी घेतली, काही आठवड्यांत अहवाल दिला, आणि सचिवाच्या कृतीची जबाबदारी मंत्र्याचीच असं ठणकावलं. अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारींना जावं लागलं.

मला खुपतं ते यापुढचं. छागला त्या वेळी पहिल्या विधी आयोगाचे, म्हणजे कायदे आणि न्यायव्यवस्थेत सुधारणा सुचवणाऱ्या सरकारी आयोगाचे, सदस्यही होते. ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाडांच्या अध्यक्षतेखालील या आयोगाने १९५८ च्या अहवालात शिफारस केली, की न्यायाधीशांनी निवृत्तीनंतर सरकारी पद घेऊ नये. त्यावर छागलांची सही आहे. आणि त्याच वर्षी ते राजदूत म्हणून अमेरिकेला गेले. सेटलवाडांनी आत्मचरित्रात याबद्दल फार कडक लिहिलं आहे, आणि मी सेटलवाडांच्या बाजूने आहे. हे पद बक्षीस होतं असं कुणी म्हणू शकत नाही, कारण त्याच वर्षी त्यांनी सरकारचा मंत्री घरी पाठवला होता. पण सगळेच छागला नसतात. त्यांनी पायंडा पाडला, आणि पुढे त्या वाटेने कोण जाईल हे त्यांच्या हातात नव्हतं. राजकारणातून न्यायालयात येताना माणूस काहीतरी मागे सोडून येतो. न्यायालयातून सत्तेकडे जाताना मात्र आधीच्या प्रत्येक निकालाकडे लोक नव्या नजरेने बघतात. तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच आहे: शंका घ्यायची ती या दुसऱ्या प्रवासाची.

मंत्री म्हणून ते चांगलेच होते. शिक्षणमंत्री असताना देशाच्या शिक्षणव्यवस्थेचा आढावा घेणारा कोठारी आयोग नेमला गेला, नंतर परराष्ट्र खातं मिळालं. विद्यापीठांत प्रादेशिक भाषा घाईने आणण्याचं धोरण न पटल्यामुळे १९६७ मध्ये राजीनामा दिला. (मराठी माणूस म्हणून त्या मुद्द्यावर माझं मत वेगळं आहे, पण खुर्ची सोडली हे खरं.) आणीबाणीविरुद्ध पंचाहत्तरीत उभे राहिले. डिसेंबर १९८० मध्ये वांद्र्याच्या भाजप अधिवेशनात बोलले आणि ९ फेब्रुवारी १९८१ ला गेले.

निबंधासाठी वाचायचं असेल तर नरसू अप्पा माळीची दोन्ही निकालपत्रं वेगवेगळी वाचा. गजेंद्रगडकरांची मांडणी छागलांपेक्षा वेगळी आहे. मग विधी आयोगाचा १९५८ चा तोच अहवाल (क्रमांक चौदावा), त्यातलं न्यायाधीशांच्या निवृत्तीनंतरच्या नोकऱ्यांबद्दलचं विवेचन. हा क्रम ठेवलात तर तुमचा मुद्दा आपोआप उभा राहील. कुठे अडलात तर इथेच विचारा.