मित्राकडे शब्द टाकावा का?

"मित्राकडे नोकरीसाठी शब्द टाकला आणि त्याला ते जमले नाही, तर उद्या त्याच्यासमोर बसायचे कसे?" हा प्रश्न माझ्या समुपदेशनाच्या खोलीत वरचेवर विचारला जातो, आणि विचारणारा बहुधा तो अगदी शेवटी, उठता उठता विचारतो. गेल्या पावसाळ्यात आलेल्या एका गृहस्थांनीही तसेच केले. त्यांची हकीकत त्यांच्या परवानगीने, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून, येथे सांगते.

वय एकेचाळीस, मेकॅनिकलचा डिप्लोमा, कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) सोळा वर्षे क्वालिटी विभागात काम. ऑर्डरी घटल्या, एक शिफ्ट बंद झाली आणि त्यांचे नाव कमी केलेल्यांच्या यादीत आले. ते माझ्याकडे आले झोप लागत नाही म्हणून. बोलता बोलता कळले, की डिप्लोमापासूनचा त्यांचा मित्र कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात खरेदी विभागाचा प्रमुख आहे, दोघे दर रविवारी सकाळी रंकाळा तलावावर फिरायला जात, आणि नोकरी गेल्यापासून सलग अकरा रविवार यांनी काही ना काही निमित्त काढून जाणे टाळले आहे. मित्राला नोकरी गेल्याचे सांगितलेच नव्हते.

"सांगितले की मागितल्यासारखे होते," ते म्हणाले. "आणि मागितले की मी मिंधा झालो."

या वाक्यापाशी आम्ही दोन बैठका थांबलो. 'शब्द टाकणे' हा प्रयोग आपण सहज वापरतो, पण त्यात आपण समोरच्याची पत वापरायला मागत असतो. मित्राने मालकापाशी शब्द टाकला आणि उद्या काम बिनसले, तर खाली पडतो तो मित्राचा शब्द. त्यामुळे या गृहस्थांचा संकोच मला मुळीच खोटा वाटला नाही. स्वाभिमानी माणसाला तो वाटायलाच हवा, असे माझे मत आहे. त्यांची गफलत एवढीच होती, की मित्राकडे मागण्यासारखे दुसरे काही असते, हे त्यांच्या लक्षात आले नव्हते. कोठे भरती चालू आहे याची खबर मागता येते, कोणाशी बोलावे हे विचारता येते, आपला अर्ज वाचून त्यात काय उणे आहे ते सांग, असे म्हणता येते. यांपैकी कशातही मित्राची पत पणाला लागत नाही. शब्द ही सर्वांत शेवटी मागायची गोष्ट, आणि पुष्कळदा ती मागावी लागतच नाही.

यासंबंधी दोन अभ्यासांचा मला उपयोग होतो. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम १७ टक्के लोकांना ती नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून मिळाली होती. बाकीच्यांना क्वचित किंवा अधूनमधून भेटणाऱ्यांकडून. कारण उघड आहे: जिवलग मित्राला बहुधा तेच ठाऊक असते जे आपल्याला ठाऊक असते. म्हणजे मित्राकडे नोकरी नसली, तरी त्याच्या अर्धवट ओळखीच्या एखाद्या माणसाकडे तिची खबर असू शकते. दुसरा अभ्यास २००८ सालचा, फ्रान्सिस फ्लिन आणि व्हॅनेसा लेक यांचा. मदत मागणारा माणूस होकाराची शक्यता प्रत्यक्षाहून बरीच कमी धरतो, असे त्यांना आढळले. कारण तो मदतीचा भार मोजतो, पण नाही म्हणणे समोरच्याला किती अवघड जाते हे मोजत नाही. यातून धीर तर येतोच, पण मला त्यात एक जबाबदारीही दिसते: नकार देणे जर इतके जड असेल, तर मागणाऱ्यानेच नकाराची वाट मोकळी ठेवली पाहिजे.

मग आम्ही मित्राला पाठवायचा मजकूर लिहायला बसलो. पहिला मसुदा असा होता: "सध्या घरीच आहे. तुझ्याकडे काही असेल तर बघ." दिसायला हा निरोप नम्र आहे, पण सगळे ओझे तो मित्रावर टाकतो, काय बघायचे, कोणत्या पदासाठी, किती पगारावर, हे सारे त्यानेच ठरवायचे. मी त्यांना विचारले, "तुम्ही नेमके काय करता?" उत्तर आले, "क्वालिटी बघतो." अर्धा तास खोदल्यावर निघाले ते असे, की कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या भागांत, ब्लोहोल (हवेची भोके) वाढले की साच्याच्या वाळूतला ओलावा, ओतण्याचे तापमान आणि कोअर (आतली पोकळी घडवणारा गाभा) यांपैकी दोष कशात आहे, हे शोधून रिजेक्शन, म्हणजे बाद होणारा माल, खाली आणणे हे त्यांचे खरे कसब होते. सोळा वर्षे केलेले काम माणसाला सांगण्यासारखे वाटतच नाही, हे मी फार पाहिले आहे.

शेवटी गेलेला मजकूर थोडक्यात असा: नोकरी गेली, तुला आधी सांगायला हवे होते, कास्टिंगचे दोष शोधण्याचे काम मी जाणतो, तुमच्याकडे माल देणाऱ्या फौंड्र्यांपैकी कोणाला असा माणूस हवा असल्याचे कानावर आले तर कळव, तुझ्या कंपनीत शब्द टाकावा अशी अपेक्षा नाही, आणि काही नसेल तरी रविवारी येतोच आहे.

मित्राचा फोन दहा मिनिटांत आला, आणि तो रागावलेला होता. "अरे मर्दा, अकरा रविवार मी एकटा फिरतोय. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं!" जो दुरावा मागण्याने येईल अशी यांना भीती होती, तो न सांगण्यानेच येऊ लागला होता.

पुढे सारे सुरळीत झाले, असे मात्र नाही. मित्राने दिलेल्या पहिल्या ठिकाणी मुलाखत झाली आणि नकार आला. लगेच जुनी खोड उफाळली. मित्राची मान खाली गेली असे समजून यांनी त्याचे दोन फोन उचलले नाहीत. मी त्यांना माझ्यासमोरच फोन लावायला सांगितला. (सल्लागाराने इतका आग्रह धरावा का, यावर माझे सहकारी माझ्याशी वाद घालतात.) मित्राला नकाराची खबर आधीच लागली होती, आणि त्याचे त्याला काहीच वाटले नव्हते.

नोकरी मिळाली ती दीड महिन्याने, गोकुळ शिरगावला. मुलाखतीत नकार देणाऱ्या त्या पहिल्या कारखान्यातील क्वालिटी प्रमुखानेच, त्यांच्याकडे जागा वरिष्ठ पदाची नव्हती म्हणून, यांचे नाव पुढे कळवले होते. त्या माणसाला हे गृहस्थ आयुष्यात एकदाच, त्या मुलाखतीत, भेटले होते. पगार आधीपेक्षा थोडा कमी आहे, झोप लागते, आणि आभार मानायला त्या प्रमुखाला फोन करावा की नाही, हे विचारण्यासाठी त्यांनी माझ्याकडे आणखी एक वेळ मागितली आहे.