230 व्होल्ट आणि 6.5 अँपिअर असतील तर रोध आणि पॉवर किती? आणि व्होल्टेज कमी आलं की करंटही कमी होतो, मग मोटर जळते कशी?

पहिल्या भागाला वेळ लागत नाही. भागाकार केला की रोध 35.4 ओहम, गुणाकार केला की पॉवर 1495 वॅट. तुमच्याकडे बहुतेक पाणी तापवायचा 1500 चा रॉड आहे.

दुसरा भाग वाचून मात्र बसून लिहायला घेतलं. हेच वाक्य आमचे नाना, म्हणजे माझे चुलते, गेली कित्येक वर्षं मला ऐकवतायत. आमची चोपडा तालुक्यात केळी आहे. डीपीपासून, म्हणजे वीज येते त्या ट्रान्सफॉर्मरपासून, विहीर 300 मीटर. मी आयटीआय केलेला, म्हणून 5 हॉर्सपॉवरच्या मोटरला तांब्याची जाड केबल घ्या असं सांगितलं. नानांनी अडीच स्क्वेअर एमएमची अ‍ॅल्युमिनियमची आणली, कारण ती स्वस्त आणि 'तारमा काय फरक पडस?' मे महिन्यात मोटर जळाली. रिवाइंडिंग केलं, म्हणजे आतली जळकी तार काढून नवी गुंडाळली, तीन आठवड्यांत पुन्हा जळाली. ऐन उन्हाळ्यात केळीचं पाणी तुटलं म्हणजे काय होतं ते इकडच्या माणसाला सांगायला नको. दोष कोणाचा? रिवाइंडिंगवाल्याचा! मी म्हटलं, केबलमध्ये व्होल्टेज पडतंय. तर पारावर चार माणसांत नाना म्हणाले, "व्होल्टेज कमी उना ते करंटबी कमीच जाई. तुनाच पुस्तकमा लिखेल शे ना?" सगळे हसले.

ती केबल काढून घरी आणली होती. तिचंच बंडल मी ओट्यावर टाकलं, डेअरीतून दुधाचा थर्मामीटर मागून आणला आणि 15 लिटर पाण्याची बादली ठेवली. आधी रॉड थेट सॉकेटला. 30 डिग्रीचं पाणी 60 व्हायला 22 मिनिटं लागली. मग तेवढंच गार पाणी, तोच रॉड, पण मध्ये ते बंडल, एक तार जायला आणि एक यायला. 33 मिनिटं! सॉकेटला 230 व्होल्ट होते, रॉडपाशी 190. टाँग टेस्टर 5.4 अँपिअर दाखवत होता. वाटेत पडले 40 व्होल्ट, भागिले 5.4, म्हणजे केबलचा रोध 7.4 ओहम. रॉडला मिळाले 1026 वॅट आणि 216 वॅट तारेने खाल्ले. नानांचा हात धरून बंडलाच्या मध्ये घातला, आत कोमट लागत होतं. "हे तुमचे 216 वॅट," म्हटलं. नाना म्हणाले, ऊन शे, म्हणजे उन्हाने तापलंय.

आता गंमत बघा, रॉडच्या बाबतीत नाना बरोबरच होते. व्होल्टेज घटलं आणि करंट 6.5 वरून 5.4 झाला. रॉड ही नुसती तार आहे, तिला ओहमचा नियम लागू : जेवढं व्होल्टेज, त्या प्रमाणात करंट. मोटरचं तसं नाही. तिच्यावर पाणी चढवायचं ओझं असतं आणि ते व्होल्टेजप्रमाणे कमी होत नाही. फिरताना मोटर स्वतः उलटं व्होल्टेज तयार करते, ते करंटला अडवून धरतं. पुरवठा घटला की फेरे मंदावतात, अडवणूक कमी होते आणि ती जास्त करंट ओढते, त्यानेच आतली तार तापून जळते. 415 व्होल्टवर साडेसात-आठ अँपिअर घेणारी आमची मोटर संध्याकाळी दहा अँपिअरच्या वर जायची. दहा अँपिअरचा वर्ग, गुणिले एका तारेचे 3.7 ओहम, गुणिले तीन तारा : 1110 वॅट, दीड हॉर्सपॉवर वाटेतच गेली. वर नानांनी ओव्हरलोड रिलेचा, म्हणजे करंट जास्त झाला की मोटर बंद करणाऱ्या यंत्राचा, काटा शेवटपर्यंत फिरवून ठेवलेला, का तर 'सारखं ट्रिप होस.' मग जळेल नाही तर काय!

जर्मन शास्त्रज्ञ ओहमने 1827 मध्ये हा नियम छापला तेव्हा त्याच्याही मुलखात लोकांनी फारसं मनावर घेतलं नाही. 1841 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला पदक तरी दिलं. आमच्या नानांनी पुढच्या हंगामात मुकाट तांब्याची केबल टाकली, त्यानंतर मोटर जळालेली नाही, आणि गावात सांगतात की नवीन रिवाइंडिंगवाला चांगला भेटला.

तेव्हा केबल घेताना घरातल्या मोठ्यांचा मान बाकी गोष्टींत ठेवा. डीपीपासून मोटरपर्यंतचं अंतर आणि मोटरचा करंट दुकानात सांगा, मग तार निवडा.

एक राहिलंच. थ्री फेज मोटरची पॉवर नुसत्या गुणाकाराने निघत नाही, 1.732 आणि पॉवर फॅक्टरही गुणावा लागतो. मल्टिमीटरने वाइंडिंगचा रोध मोजून पॉवर काढायला जाऊ नका, भलताच आकडा येईल. आणि रॉडचा प्रयोग केलात तर पाणी तापलं का ते बघायला बादलीत बोट घालण्याआधी स्विच बंद करून पिन काढा. नाना घालतच होते, काकूने मनगट धरलं.