काय सांगणार आहे तो आजीला?

मावशी,
हे बोटीवर असतात. सहा-सात महिन्यांनी येतात ते मुलासाठी बॅग भरून घेऊनच. मी कुंडईला नोकरीला जाते. मुलगा सहावीत आहे. वर्गातल्या एकाचा वाढदिवस कळंगुटच्या हॉटेलात झाला, तेव्हापासून यालाही तसाच हवा. आता साडेसहा हजारांचे बूट हवेत. नाही म्हटलं की ‘आजीला सांगेन’ म्हणतो, आणि सासूबाई त्याचं सगळं ऐकतात. मला मात्र खर्चावरून बोलतात, म्हणून माझी ऑनलाइनची पार्सलंसुद्धा मी तिठ्यावरच्या दुकानात ठेवायला सांगते, मुलगा शाळेतून येताना आणतो. आमच्या लहानपणी गणेश चवथीला एक फ्रॉक मिळायचा, त्यातच आम्ही खूश. या मुलांना संयम शिकवायचा तरी कसा?
— एक आई, फोंडा

बाय,
तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझ्या नवऱ्याच्या बॅगेपाशी थांबले होते, दुसऱ्यांदा थांबले ती तिठ्यावरच्या दुकानापाशी.

‘मुलगा शाळेतून येताना आणतो.’ किती सहज लिहून गेलीस! आणतो तो कुठल्या दारानं? सासूबाई सोप्यावर बसलेल्या असताना पुढच्या दारानं तर नक्कीच नाही. दप्तरात कोंबून आणत असेल, नाहीतर मागून, न्हाणीकडून. आणि रिकामं खोकं पाणी तापवायच्या चुलीत जात असेल. मी पैज लावते.

आता त्याचं वाक्य पुन्हा ऐक. ‘आजीला सांगेन.’ तुला वाटतं, तो आजीकडे बूट मागणार. मला नाही तसं वाटत. सहावीतलं पोर आहे, खुळं नाही. आजीला काय सांगायचं ते त्याला ठाऊक आहे आणि तुलाही. बाय, ते बूट म्हणजे त्याची हमाली आहे. साडेसहा हजार जरा जास्त आहेत खरे, पण माल चोरटा असला की हमाली चढीच असते.

म्हणून कळंगुटच्या हॉटेलचं मला काही सांगू नकोस. नवऱ्याच्या बॅगेचंही नको; ती निदान सगळ्यांसमोर तरी उघडते. आणि त्या एका फ्रॉकची गोष्ट तर आजपासून बंद. मीही ती माझ्या पोरांना सांगायचे. त्यांना ती इतकी पाठ झाली होती की माझ्याच आवाजात म्हणून दाखवायची आणि हसायची.

आमच्या घरी संयमावर कुणी कधी बोललंच नाही. पण मे महिन्यात, पाऊस लागायच्या आत, पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरायचं. शब्द पोर्तुगीजांचा, सवय आपली. बाबा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून यायचे आणि सगळं सोप्यावर ओतायचे: हरमलची मिरची, चिंच, सोलां (आमसुलं), कांद्यांच्या माळा, सुकी सुंगटां (कोळंबी). आजी एकेक वस्तू हातात घेऊन भाव विचारायची. ‘सुंगटां महाग लागली, म्हणून बांगडे थोडेच आणले,’ बाबा म्हणायचे. आजी पुटपुटायची, आई गप्प बसायची, आम्ही पोरं मिरच्यांनी शिंकत सगळं ऐकायचो. चार महिने काय पुरणार आणि काय नाही, ते आम्हाला त्या संध्याकाळी कळायचं. श्रावण-भाद्रपदात कुणी उगाच हट्ट केलेला मला आठवत नाही. (केलाही असेल. आठवण आपल्याला सोयीचं तेवढंच ठेवते.)

तुझ्या मुलाला खर्च दिसलाय कुठे? यूपीआय 2016 साली आलं, तेव्हा हा नुकता चालायला लागला असेल. तेव्हापासून पैसा म्हणजे त्याच्या लेखी दुकानातला आवाज. नोट सुट्टी करताना हात जरा अडखळतो, ते त्यानं फारसं पाहिलेलं नाही. त्यात तू दाखवतेस ते असं, की आईला हवं ते आई आणतेच, फक्त कुणाला दिसता कामा नये.

तर एकच कर. पुढचं पार्सल घरच्या पत्त्यावर मागव. ते येण्याआधी मुलाला सांग, ‘तुला लपवून आणायला लावलं, ते माझं चुकलं.’ एवढंच एक वाक्य. लांबवलंस तर त्याचेही बूट मागेल. मग संध्याकाळी सासूबाईंसमोर, त्याला शेजारी बसवून, सोप्यावर ते पार्सल उघड. किंमत मोठ्यानं सांग. गरज होती म्हणून घेतलं की नुसतं आवडलं म्हणून, तेही सांग. आवडलं म्हणून घेतलं असेल तर तसंच म्हण, लाजू नकोस. तूही दिवसभर राबतेस. आणि सांगताना तुलाच ते नकोसं वाटलं, तर त्याच्यादेखतच परत पाठव.

बुटांचं त्यानंतर ठरव. मी असते तर घेतले नसते. पण आज तुझं ‘नाही’ त्या तिठ्यावरच्या दुकानात गहाण पडलंय. आधी ते सोडवून आण.

सासूबाई बोलतील. पहिल्या दिवशी फार बोलतील, शेजारणीला हाक मारून बोलतील. तीन-चार पार्सलं झाली की कुर्त्याचं कापड चिमटीत धरून ‘केवढ्याला पडला गो?’ म्हणून विचारतील, हे अनुभवानं सांगते. तोवर ऐकून घे. फक्त मध्येच उठून आत जाऊ नकोस.