फ्री डिशवर माणसं बुटकी दिसतात, कधी चारी बाजूंनी काळ्या पट्ट्या, कधी बातम्यांची खालची पट्टी गायब. टीव्ही बिघडलाय का? आणि जुनी अँटेना परत लावली तर?

टीव्ही बिघडलेला नाही. तुम्ही लिहिलंय त्यावरून चित्र असं दिसतं: गेवराईजवळचं गाव, ३२ इंची एलईडी, छतावर फ्री डिश, बॉक्सपासून टीव्हीपर्यंत पिवळी-लाल-पांढरी वायर, आणि रिमोटवरचं झूमचं बटण दाबलं की दर वेळी नवीन तक्रार. या तिन्ही तक्रारींचं मूळ बहुधा एकच आहे. बॉक्सला अजून वाटतंय की आपण जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीला जोडलेलो आहोत.

बरेच बॉक्स कारखान्यातून '४:३ एलबी' या सेटिंगवर येतात. ४:३ म्हणजे जुन्या टीव्हीची जवळपास चौरस चौकट, रुंदी चार भाग तर उंची तीन. एलबी म्हणजे लेटरबॉक्स. रुंद (१६:९) कार्यक्रम आला की बॉक्स त्याला वर-खाली काळ्या पट्ट्या लावून ४:३ च्या चौकटीत बसवतो आणि मगच टीव्हीकडे पाठवतो. आता टीव्ही '१६:९' वर असेल, तर तो ही चौकट आडवी ताणतो. प्रत्येक गोष्ट एक तृतीयांशाने रुंद होते. आषाढीच्या थेट प्रक्षेपणात विठोबासुद्धा चौरस दिसायला लागतो. टीव्ही '४:३' वर टाकला, तर आकार बरोबर येतो, पण वर-खाली बॉक्सच्या पट्ट्या आणि डावी-उजवीकडे टीव्हीच्या. ३२ इंची पडदा साधारण ७१ सेंटिमीटर रुंद आणि ४० उंच असतो. त्यात चित्र उरतं ५३ बाय ३० चं, म्हणजे निम्म्याहून थोडंसंच जास्त. आणि 'झूम' दाबलं की रुंद चॅनल झकास भरतात, पण ४:३ मधल्या जुन्या मालिकांची उंची पाव भागाने कापली जाते, वरून साडेबारा टक्के, खालून साडेबारा. वरून डोकी गेली, खालून बातम्यांची पट्टी.

म्हणून झूमचं बटण आधी सोडा. सुरुवात बॉक्सपासून करा.

बॉक्सच्या रिमोटवर मेनू, मग सिस्टिम सेटअप, मग 'टीव्ही सिस्टिम' किंवा तशाच नावाचं पान. पासवर्ड मागितला तर ०००००० किंवा ०००० टाकून बघा. आत 'अॅस्पेक्ट मोड' असेल, त्यात ऑटो, ४:३ पीएस, ४:३ एलबी, १६:९ असे पर्याय. १६:९ निवडा. एक्झिट दाबून रीतसर बाहेर या आणि 'सेव्ह' विचारलं तर हो म्हणा. मेनू उघडा असतानाच बोर्डावरून बटण बंद केलं किंवा लाइट गेली, तर बदल राहीलच असं नाही. त्याच भागात 'फॅक्टरी डिफॉल्ट' दिसेल, त्याला हात लावू नका. चॅनलची यादी पुसली जाते आणि परत जीसॅट-१५ या उपग्रहावर सर्च करत बसावं लागतं.

मग टीव्हीचा रिमोट घ्या. पिक्चर साइझ, अॅस्पेक्ट रेशो, वाइड मोड, कंपनीप्रमाणे नाव वेगळं. तिथं '१६:९' किंवा 'फुल' ठेवा, 'ऑटो' नको. कारण तीन रंगांच्या वायरीतून जाणाऱ्या चित्राचा आकार टीव्हीला कळवायची सोय असली, तरी स्वस्त बॉक्स ती सहसा वापरत नाहीत. मग ऑटोवरचा टीव्ही काळ्या कडा बघून अंदाज बांधतो, आणि रात्रीचा प्रसंग आला की अंदाज चुकतो. 'पॅनोरमा' किंवा 'वाइड झूम' हाही टाळा. तो मधला भाग कमी आणि कडा जास्त ताणतो. ओळखायची खूण सोपी आहे: बातम्यांच्या सरकत्या पट्टीतली अक्षरं कडेला जाड आणि मध्ये आल्यावर बारीक दिसतात.

टीव्ही हे सेटिंग बहुधा प्रत्येक इनपुटसाठी वेगळं ठेवतो. एव्हीवर (तीन रंगांच्या वायरीवर) केलेलं एचडीएमआयवर लागू होईल असं धरून चालू नका.

बरोबर झालं की नाही हे डोळ्यांवर सोडू नका, मोजपट्टीनं मोजा. पडद्यावर समोरून दिसणारं एखादं वर्तुळ शोधा. घड्याळ चालेल, १७ सप्टेंबरच्या किंवा २६ जानेवारीच्या कार्यक्रमात झेंड्याचं छापील चित्र आलं तर त्यातलं अशोकचक्र उत्तम. उंची १२ सेंटिमीटर आणि रुंदीही १२, तर काम झालं. रुंदी १६ आली तर ४:३ चं चित्र कुणीतरी ताणतंय. ९ आली तर रुंद चित्र कुणीतरी चेपतंय. ही मोजणी दोन-तीन चॅनलवर करा. सगळीकडे एकच चूक असेल तर सेटिंग, एखाद्याच चॅनलवर असेल तर तो चॅनल.

आता एक अडचण. १६:९ निवडल्यावर चांगला बॉक्स ४:३ च्या कार्यक्रमाला दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या लावतो, पण काही स्वस्त बॉक्स त्यालाही ताणून मोकळे होतात. तुमच्या बॉक्सच्या यादीत '१६:९ पीबी' किंवा 'पिलरबॉक्स' असं काही असेल तर ते घ्या. नसेल तर तेवढ्या कार्यक्रमापुरता टीव्ही ४:३ वर टाकायचा, नंतर परत १६:९. जुन्या मालिकेच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकी नऊ सेंटिमीटर काळं राहील. ते राहू द्या. 'एवढा मोठा टीव्ही घेतला अन् पडदा रिकामा' म्हणून घरातलं कुणीतरी तो भरायला जातं आणि मग सगळी माणसं सुजतात.

बॉक्सला एचडीएमआयचं भोक असेल तर तीन रंगांची वायर काढून टाका. नुसती एचडीएमआय लावून भागत नाही, बॉक्सचं रिझोल्यूशनही (चित्र किती रेघांचं, ते) बदला. ५७६ वर ठेवलं तर चित्र ४:३ आहे की १६:९ हा घोळ तसाच राहतो, कारण त्या रिझोल्यूशनला दोन्ही आकार चालतात. ७२०पी किंवा १०८०आय कायम १६:९ च असतं, त्यामुळं टीव्हीला अंदाज बांधायला जागाच उरत नाही. काही रिमोटवर यासाठी 'व्ही-फॉरमॅट' बटण असतं. ते दाबता दाबता पडदा काळा झाला तर घाबरू नका, टीव्हीला न झेपणारं रिझोल्यूशन लागलंय. थोडं थांबा, किंवा परत तेच बटण दाबत जा. काहीच येईना तर एव्हीची वायर लावून मेनूतून मागं या.

एवढं करूनही खालच्या पट्टीचा किंवा कोपऱ्यातल्या लोगोचा थोडासा भाग कापला जात असेल, तर ते ओव्हरस्कॅन. ट्यूबच्या काळात चित्राच्या कडा वेड्यावाकड्या यायच्या, म्हणून टीव्ही चित्र थोडं मोठं करून कडा लपवायचा. ती सवय एलईडीतही राहिली. एलजीत 'जस्ट स्कॅन', सॅमसंगमध्ये 'स्क्रीन फिट' किंवा 'फिट टू स्क्रीन', सोनीत 'डिस्प्ले एरिया' मध्ये 'फुल पिक्सेल'. हे पर्याय बऱ्याचदा एचडीएमआयवरच उघडतात, एव्हीवर फिके दिसतात. वायर बदला म्हणतोय त्याचं हे दुसरं कारण.

चॅनलनंच चूक केली असेल तर? जुना सिनेमा त्यांनीच ताणून सोडला असेल, तर टीव्ही ४:३ वर टाका, माणसं पुन्हा सडपातळ होतील. चॅनलनंच पट्ट्यांसकट बारीक चित्र सोडलं असेल, तर तेवढ्यापुरता झूम योग्य. पण त्यांनीच डोकी कापून सोडली असतील, तर त्यावर तुमच्या घरी इलाज नाही.

अँटेनाबद्दलही विचारलंय. म्हैसमाळच्या टॉवरकडं अँटेना फिरवायचे ते दिवस गेले. दूरदर्शननं जुनं अॅनालॉग प्रक्षेपण २०२२ पर्यंत जवळपास सगळीकडं गुंडाळलं. २०१६ साली ज्या १६ शहरांत डीव्हीबी-टी२ (अँटेनावर येणारं डिजिटल प्रक्षेपण) सुरू झालं, त्यात औरंगाबाद होतं, पण त्याला तसा ट्यूनर असलेला टीव्ही लागतो. असा सिग्नल थेट टीव्हीत येत असेल तर मध्ये बॉक्स नसतो आणि आकाराची खूण सिग्नलसोबतच येते. तिथं मात्र टीव्ही 'ऑटो' किंवा 'ओरिजिनल' वरच ठेवा.

आणि तोच बॉक्स कधी आजीच्या खोलीतल्या ट्यूबच्या टीव्हीला लावला, तर अॅस्पेक्ट मोड परत ४:३ एलबी करा. पीएस नको, त्यात दोन्ही बाजू कापल्या जातात.