पाच आठवडे भारतात जाताना अमेरिकेतील घरी येणारे टपाल थांबवून ठेवता येते का?

न्यू जर्सीतील घर पाच आठवडे बंद ठेवून आपण पुण्याला जाणार आहात, त्याच काळात पत्नीचे नूतनीकरण झालेले ग्रीन कार्ड टपालाने येण्याची शक्यता आहे, आणि ते पत्रपेटीत पडून राहू नये ही आपली काळजी रास्त आहे. अमेरिकेच्या टपाल खात्याची ‘होल्ड मेल’ ही सोय नेमकी यासाठीच आहे आणि ती विनामूल्य आहे. मात्र तिची मुदत कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ३० दिवसांची असल्यामुळे आपल्या ३५ दिवसांना ती एकटी पुरणार नाही.

त्याहून लांबच्या प्रवासासाठी टपाल तात्पुरते दुसऱ्या पत्त्यावर वळवण्याची सोय आहे, पण आपल्या बाबतीत मी ती मुळीच सुचवणार नाही. इमिग्रेशन खात्याचे एखादे जुने पाकीट घरात असेल तर काढून पाहा. त्यावर ‘रिटर्न सर्व्हिस रिक्वेस्टेड’ असे छापलेले दिसेल. असे पाकीट नव्या पत्त्यावर न जाता पाठवणाऱ्याकडे परत जाते, आणि परत गेलेले कार्ड पुन्हा मिळवणे हे मोठे दगदगीचे काम असते. होल्डमध्ये मात्र ते आपल्याच टपाल कार्यालयात सुखरूप राहते.

त्यामुळे आम्ही भारतात जातो तेव्हा पहिले पाच-सहा दिवस शेजाऱ्यांना पत्रपेटी रिकामी करायला सांगतो आणि होल्ड त्यानंतर सुरू करून परतण्याच्या दिवसापर्यंत ठेवतो. शेजाऱ्यांचे दिवस शेवटी न ठेवण्याचे कारण असे की होल्ड संपताच महिनाभराचे साचलेले टपाल एकदम येते, आणि तेव्हा आपण घरी असलेले बरे. ते पोस्टमनने आणून द्यावे की आपण ओळखपत्र दाखवून कार्यालयातून घ्यावे, हे अर्ज करतानाच निवडायचे असते. कार्डाचा प्रश्न असल्याने मी स्वतः जाऊन घेणे पसंत करीन.

अर्ज टपाल खात्याच्या संकेतस्थळावर ३० दिवस आधीपासून करता येतो. त्यासाठी खाते उघडून ओळख पडताळून घ्यावी लागते, आणि ती ऑनलाइन जमली नाही तर कार्यालयात जाऊन ८०७६ क्रमांकाचा फॉर्म भरता येतो. म्हणून हे काम सामान बांधण्याच्या गडबडीत ठेवू नका. होल्ड व्यक्तीला नव्हे, पत्त्याला लागू होतो, तेव्हा घरात भाडेकरू असल्यास त्याचेही टपाल थांबेल. यूपीएस आणि फेडेक्स यांची पार्सले यात येत नाहीत. ती वेगळी थांबवावी लागतात.

त्याच खात्यावर ‘इन्फॉर्म्ड डिलिव्हरी’ ही विनामूल्य सेवाही सुरू करून घ्या. येणाऱ्या पाकिटांची दर्शनी बाजूची करडी छायाचित्रे ईमेलने येतात आणि होल्ड चालू असतानाही येत राहतात, त्यामुळे इमिग्रेशन खात्याचे पाकीट आल्याचे आपल्याला पुण्यात बसूनच कळू शकेल.